कराराला बसायचं, तर आधी शिकायला हवं

महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत जी शहाबादी फरशी आहे, तिचं गाव कलबुर्गी जिल्ह्यात. त्याच पट्ट्यात वाडी, मळखेड आणि सेडमला चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. कलबुर्गी शहराभोवती तुरीच्या डाळमिली, तर बीदरच्या बाजूला हल्लीखेड, हुणजीचे सहकारी साखर कारखाने आणि कोळार, हुमनाबादच्या औद्योगिक वसाहती. एकाच पाळीत कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारी माणसं राबतात. इतका उद्योग असलेल्या या दोन जिल्ह्यांत पगाराचा, बोनसचा, बडतर्फीचा वाद बोलून कसा सोडवायचा, हे मात्र कामगाराला कुठे पद्धतशीर शिकायला मिळत नाही.

हे शिक्षण आता टाळता येणार नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. वीस किंवा त्याहून अधिक कामगार असतील, तिथे तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान हवेत. म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या डाळमिलीतही कामगाराची खुर्ची कायद्याने आली. कोणत्याही संपाआधी चौदा दिवसांची नोटीस लागते. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली, तर तोही संपच. संघटना अनेक असल्या, तर 51 टक्के सभासद असलेल्या संघटनेलाच वाटाघाटीचा एकमेव अधिकार. यातलं एक कलम जरी ठाऊक नसलं, तरी न्याय्य मागणीचा संप बेकायदा ठरू शकतो.

शिवाय वाद मिटवणाऱ्या सरकारी समेट अधिकाऱ्यापुढे वकील उभा करता येत नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातही हे बंधन होतं आणि ते योग्यच आहे. पण मग बोलायचं कोणी? कंपनीकडून पदवी घेतलेला मनुष्यबळ अधिकारी येतो. समोर बसतो तो खाणीतला किंवा गाळपातला कामगार. ताळेबंद कसा वाचावा, मागणीपत्रात काय लिहावं, कुठे ताणावं आणि कुठे सोडावं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

ही कमतरता फक्त कामगाराकडेच असते असंही नाही. डिसेंबर 2020 मध्ये कर्नाटकाच्याच आग्नेय भागात, कोलार जिल्ह्यातल्या नरसापूरच्या विस्ट्रॉन कारखान्यात पगाराच्या तक्रारी साचत गेल्या आणि एके सकाळी तोडफोड झाली. कामगार कायद्याची पुरेशी जाण असलेली माणसं मनुष्यबळ विभागात नव्हती, असं राज्याच्या कारखाने विभागाच्या पाहणीत आढळलं. काही कामगारांना पगार वेळेवर आणि बरोबर मिळाला नाही, हे कंपनीला मान्य करावं लागलं आणि तिने एका उपाध्यक्षाला पदावरून काढलं. तक्रार ऐकून घेणारा एक जाणता माणूस वेळेवर नेमला असता, तर तो कितीतरी स्वस्त पडला असता.

वाटाघाटीने काय साधतं, हे पाहायला सीमाभागातल्या माणसाला लांब जायला नको. मराठवाड्यातला ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन घर सोडतो. त्याच्या हातात ना नेमणूकपत्र, ना हजेरीपट. तरीही त्याच्या संघटना महाराष्ट्राच्या साखर संघाशी करार करतात. हंगामाच्या तोंडावर, ऊस तोडणीला आलेला असताना, त्या कोयता बंदची हाक देतात. कारण त्याच दिवसांत कारखान्याला तोडणी कामगारांची गरज सर्वांत जास्त असते. गोपीनाथ मुंडे आणि त्यांच्यानंतर पंकजा मुंडे यांनी या प्रश्नात लवादाचं काम केलं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि टनामागे सुमारे 273 रुपयांचा दर 366 वर गेला. महागाईच्या मानाने ही वाढ फार मोठी नव्हे, पण ती टेबलावर बसून मिळवलेली आहे. मात्र साखर संघाची सही महाराष्ट्रातल्या कारखान्यांपुरतीच. तीच टोळी सीमा ओलांडून कर्नाटकातल्या फडात उतरली, की त्या दराचं संरक्षण मागे राहतं. तो दर पुन्हा तिलाच, मुकादमाशी बोलून, मिळवावा लागतो.

पण अशा वाटाघाटी शिकायला जागा हवी. मुंबईत परळला 1947 पासून राज्य सरकारची कामगार अभ्यास संस्था आहे. तिला आज नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव आहे. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून लोखंडे वर्षानुवर्षं अर्ज, सभा आणि बोलणी करत राहिले. 10 जून 1890 रोजी ती सुट्टी मिळाली. अशी संस्था कलबुर्गीत का नसावी? गुलबर्गा विद्यापीठ 1980 पासून उभं आहे. पाळी संपवून येता येईल असा संध्याकाळचा एक वर्षाचा अभ्यासक्रम त्याने कलबुर्गी आणि हुमनाबादला सुरू करावा. तो कन्नड आणि मराठी, दोन्ही भाषांत असावा. वर्गात संघटनेचा कार्यकर्ता, मुकादम, डाळमिलीचा मालक आणि कारखान्याचा अधिकारी एकत्र बसावेत. धडे इथल्याच वादांचे असावेत: खाणीतला ठेकेदारी कामगार, थकलेला पगार, फडातली उचल. एकदा मालकाने कामगाराची बाजू मांडावी, एकदा कामगाराने मालकाची. फीचा निम्मा भार सिमेंट कंपन्यांनी आणि साखर कारखान्यांनी उचलावा. संप आणि टाळेबंदीत बुडणाऱ्या एका आठवड्याच्या उत्पादनापुढे ती रक्कम किरकोळ आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी ही मागणी विद्यापीठाच्या कुलगुरूंपुढे आणि राज्याच्या कामगार मंत्र्यांपुढे याच वर्षी ठेवावी.