गुंतणे वेगळे, गुंगणे वेगळे

शाळाप्रवेशाचा हंगाम आला की माहितीपत्रके घरोघर येऊ लागतात. मैदान केवढे, ग्रंथालयात पुस्तके किती, शिक्षक किती वर्षे टिकतात, हे त्यांत शोधावे लागते. 'प्रत्येक वर्गात डिजिटल फळा' ही ओळ मात्र पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत असते. पालकही त्याच ओळीवर भाळून शुल्क भरतात. गावच्या जिल्हा परिषद शाळेला काही द्यावे असे एखाद्या दात्याच्या मनात आले, तर त्यालाही आधी टॅब किंवा पडदा सुचतो. कारण त्याचे उद्घाटन करता येते, छायाचित्र छापून आणता येते. पडदा आला की मुले वर्गात रमतात, हा या साऱ्यामागचा समज आहे आणि तो आपण तपासून न पाहताच स्वीकारला आहे.

मुले पडद्याकडे टक लावून पाहतात, यात शंका नाही. पण टक लावणे म्हणजे शिकणे, हे कोणी ठरवले? आपल्या भाषेत गुंतणे आणि गुंगणे असे दोन शब्द आहेत. गुंतलेले मूल प्रश्न विचारते, चुकते, पुन्हा करून पाहते, शेजाऱ्याशी हुज्जत घालते. गुंगलेले मूल गप्प बसते. दुर्दैवाने आपल्या शाळांना गप्प वर्गाचे फार कौतुक! वर्ग शांत झाला, याचे मुख्याध्यापकांना समाधान वाटते, आणि विक्रेता त्याच समाधानाचे प्रमाणपत्र घेऊन पुढच्या शाळेचे दार ठोठावतो.

जगाने या मोहाची किंमत मोजून झाली आहे. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या घोषणेने भारावून पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले. तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १५ महिन्यांनंतर गणित आणि भाषेच्या गुणांत काहीही फरक पडलेला नव्हता. तर्कशक्तीच्या चाचणीत थोडी वाढ दिसली, एवढेच. डिजिटल शिक्षणात अग्रेसर म्हणवणाऱ्या स्वीडनने २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी ६८ कोटी ५० लाख क्रोनर राखून ठेवले. दक्षिण कोरियाने मार्च २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी पाठ्यपुस्तके वर्गांत आणली. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जा काढून त्यांना पूरक साहित्य ठरवले. ही राष्ट्रे मागासलेली नाहीत. ती ठेचकाळली आणि सावध झाली. आपण मात्र त्यांनी टाकून दिलेली पायवाट राजमार्ग समजून चालू लागलो आहोत.

याचा अर्थ यंत्र त्याज्य आहे, असा कोणी काढू नये. या देशाला ते शिकवण्याची आवश्यकता नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचले. सकाळचा वेळ शाळकरी मुलांसाठी होता, आणि शाळेच्या सुटीत त्याच संचांवरून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण देण्यात आले. त्या काळी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राची धुरा वाहणारे डॉ. यशपाल पुढे आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांची बाजू घेत राहिले, हा योगायोग नव्हे. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठीचा 'एज्युसॅट' उपग्रहही आपण अवकाशात सोडला. साधनांचे दारिद्र्य ही आपली अडचण कधीच नव्हती. साधन कोणाच्या हाती असावे, हा विवेक आपण हरवून बसलो.

तो विवेक जागा असेल तेथे यंत्र सोन्यासारखे काम करते. दिल्लीत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाळेनंतरच्या केंद्रांत मुलांना संगणकावर सराव देण्यात आला. मूल कितव्या इयत्तेत बसते हे न पाहता त्याला प्रत्यक्ष काय येते ते पाहून तो संगणक उदाहरणे देत होता. अवघ्या साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत मुले ठळकपणे पुढे गेली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरच्या रकमेतील निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. तो कोड पाठवणारी कंपनी नव्हती. आपली मुले कुठे अडतात हे जाणणारा शिक्षक होता.

नेमके येथेच आजच्या डिजिटल फळ्याचे पाप आहे. पाठ आधीच तयार, त्यातील प्रश्न तयार, उत्तरेही तयार. शिक्षकाने फक्त कळ दाबायची. माहिती भरून भरून आधीच कारकून झालेल्या शिक्षकाला आता यंत्रचालक करायचे, आणि वर 'गुणवत्ता वाढली' म्हणून पाठ थोपटून घ्यायची! गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गाला आवरतो, तो गोष्ट सांगून. त्याच्यापाशी कोणतेही यंत्र नव्हते; मुलांकडे पाहणारी नजर होती. ती नजर असलेल्या शिक्षकाच्या हाती संगणक द्या, तो त्याचे सोने करील. ती नसेल तर फळा दगडी असो की काचेचा, मुलाच्या पदरी अंधारच.

तेव्हा पालकांनी यापुढे शाळेत पाऊल ठेवताना तीन प्रश्न विचारावेत. पडद्यावर काय दाखवायचे, हे वर्गातला शिक्षक ठरवतो की पुरवठादार? ते मुलाच्या भाषेत आहे काय? आणि पडदा बंद झाल्यावर मुले कोणता प्रश्न विचारतात? शाळांसाठी निधी जमवणाऱ्या कार्यकर्त्यांनीही एक पथ्य पाळावे: यंत्रावर जेवढा रुपया खर्च होईल, तेवढाच शिक्षकाच्या प्रशिक्षणावर आणि पुस्तकांवर खर्च झाल्याखेरीज उद्घाटनाची फीत कापू नये. फीत कापणारे हात निघून जातात. वर्गात उरतात ते शिक्षक आणि मुले.