मुरूडला फंड, मग चिंचपाड्याला का नाही?

सुरत-भुसावळ लाईनवरच्या चिंचपाडा स्टेशनात दिवाळीनंतर जरा वेळ उभं राहा. गुजरातकडे निघालेली कुटुंबं दिसतील. कुणी ऊसतोडीला, कुणी सुरतेला मिळेल त्या कामाला. त्यांच्यासोबत एखादा आपल्याच वर्गातला मित्रही दिसतो. तो नापास झालेला नसतो. शिष्यवृत्तीचा हप्ता यायला उशीर असतो, परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख त्याआधी येते आणि मधले दोन महिने घरात पैसे नसतात. बस्स, तेवढ्यावरून शिक्षण सुटतं.

आता दुसरी बाजू बघा. याच पट्ट्यातून शिकून कुणी शिक्षक झालं, कुणी नर्स, कुणी तलाठी, पोलीस, एसटीत कंडक्टर. या सगळ्यांना कॉलेज बोलावतं कधी? नॅकची समिती यायची असली की! मग माजी विद्यार्थी संघाची बैठक होते. हार, चहा, फोटो, सह्या. समिती गेली की रजिस्टर कपाटात. पुढची बैठक थेट पुढच्या नॅकला.

निधी उभा करण्यासाठी श्रीमंत गाव लागतं, असं नाही. धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरूडचे. १८९१मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला गेले. त्याआधीच त्यांनी ‘मुरूड फंड’ सुरू केला होता. कल्पना साधी होती. गाव सोडून नोकरीला गेलेल्यांनी कमाईतला थोडा भाग गावाच्या कामासाठी द्यायचा. १८९६मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हाही त्यांनी दारोदार फिरून लहान लहान वर्गण्याच जमवल्या. १९१६मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं आणि १९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली. मोठा दाता आला, पण वीस-पंचवीस वर्षांचं काम डोळ्यांसमोर उभं राहिल्यावर.

रयत शिक्षण संस्थेचंही तेच. १९१९मध्ये भाऊराव पाटलांनी ती सुरू केली. बायाबापड्यांनी रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढलं आणि त्या मुष्टिफंडावर वसतिगृहातली पोरं जेवली. आणि हे आपल्याला नवीन आहे का? पाड्यावर एखाद्याचं घर बांधायचं असलं की सगळे हात लावतात. झाबुआचे भिल्ल एकत्र येऊन मदत करण्याला ‘हलमा’ म्हणतात. फक्त कॉलेजच्या बाबतीत आपण ही रीत विसरतो.

जगात आता हे काम एक व्यवसाय म्हणून केलं जातं. शिक्षणसंस्थांसाठी निधी आणि माजी विद्यार्थी जोडणाऱ्यांची ‘केस’ नावाची संघटना अमेरिकेत १९७४मध्ये, दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झाली. अशा संघटना पुढच्या काही वर्षांचा आराखडा आधी लिहून काढतात. आपल्याकडे २०२३मध्ये नंदन नीलेकणींनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले, तेव्हा त्यांच्या त्या संस्थेशी असलेल्या नात्याला ५० वर्षं झाली होती. रक्कम बाजूला ठेवा. पन्नास वर्षं नातं टिकलं, ते महत्त्वाचं.

आपल्या भागातल्या कॉलेजांच्या माजी विद्यार्थी संघांनी एकत्र यावं आणि पाच वर्षांचा आराखडा करावा. त्यात चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, यादी: कोण कुठे आहे, फोन नंबर काय. दुसरी, एकच ठरलेलं काम. आमच्या मते, शिष्यवृत्ती येईपर्यंत फी आणि पाससाठी बिनव्याजी उसने पैसे. तिसरी, झेपेल इतकी वर्गणी. १०० जणांनी महिन्याला ५० रुपये दिले, तरी वर्षाचे ६० हजार होतात. चौथी, हिशोब. संघ नोंदणीकृत असावा, ऑडिट व्हावं आणि जमाखर्च नोटीस बोर्डावर लागावा. मात्र मदत घेणाऱ्याचं नाव त्यात नको. स्टेजवर उभं करून पाकीट द्यायचं आणि फोटो काढायचा, हा प्रकार तर अजिबातच नको.

कुणी म्हणेल, ही सरकारची जबाबदारी आहे. शंभर टक्के खरं! शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी म्हणून भांडायलाच हवं, आणि निधी आहे म्हणून सरकारला सूट द्यायची नाही. पण भांडण निकाली लागेपर्यंत फॉर्मची तारीख थांबत नाही.

‘नोकरी लागली की बघू’ असंही म्हणू नका. यादी करायला पगार लागत नाही. तुमच्या आधीच्या पाच बॅचचे नंबर कोणाकडे आहेत, तेवढं या आठवड्यात शोधा. पुढच्या दिवाळीनंतर तुमच्या वर्गातला एक जरी मित्र गाडीत न बसता वर्गात बसला, तरी फंड सुरू केल्याचं सार्थक झालं.