टाइल्सची वर्गणी

तर मंडळी, आधीच खुलासा करते. ही पोस्ट ग्रीसच्या प्रवासाबद्दल आहे आणि आमच्या गावच्या देवळाबद्दलही आहे. दोन्हींचा संबंध काय ते वाचता वाचता कळेलच. नातेवाईकांनी शेवटपर्यंत वाचावं आणि मगच रागवावं, ही विनंती.

झालं असं, की ऑक्टोबरमध्ये नवरा आणि मी दहा दिवस ग्रीसला गेलो. अथेन्सला भाड्याची गाडी घेतली आणि पेलोपोनीजचा डोंगराळ भाग पालथा घातला. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, स्टिअरिंग डावीकडे, आणि इंडिकेटरची दांडीही आपल्या उलट हाताला. पहिले दोन दिवस नवरा प्रत्येक वळणाआधी वायपर सुरू करत होता. भर उन्हात. मी नकाशा धरून बसले होते, आणि आमचं भांडण फक्त तीन वेळा झालं. वीस वर्षांच्या संसारात हे प्रमाण चांगलंच म्हणायचं.

परत येऊन बॅगा उघडतोय तोच घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अण्णाकाकांचा मेसेज आला. देवळाचा जीर्णोद्धार ठरलाय, प्रत्येक घरामागे 25 हजार. सोबत कोटेशन. सभामंडपात पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, गाभाऱ्याला ग्रॅनाईट, खांबांना ऑइलपेंट, बाहेरच्या भिंतींच्या सांध्यांत सिमेंट. खाली एकवीस हात जोडलेले आणि अकरा अंगठे.

अण्णाकाका, मी ही वर्गणी देणार नाही. का, ते ग्रुपवर दोन ओळींत सांगता येईना, म्हणून इथे लिहितेय.

आधी बासाईचं सांगते. कालामाताहून निघून डोंगरातले अरुंद रस्ते चढत आम्ही तिथे पोचलो. उंची 1100 मीटरच्या वर, आसपास वस्ती नाही, नुसते खडक आणि वारा. तिथे अपोलोचं देऊळ आहे, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरचं. पार्थेनॉनचा वास्तुकार इक्टिनोस यानेच ते बांधलं, असं पौसेनियस या जुन्या प्रवाशाने लिहून ठेवलंय. 1986 मध्ये ग्रीसमधलं पहिलं जागतिक वारसास्थळ म्हणून याचीच नोंद झाली. एवढं ऐकून गेलो आणि शेवटच्या वळणावर काय दिसलं? तंबू! अख्ख्या देवळावर पांढरा तंबू. नवरा म्हणाला, "कुणाचं लग्न आहे का?"

हा तंबू 1987 पासून आहे. तिथला चुनखडीचा दगड पाऊस आणि हिमाने झिजतोय, म्हणून आधी छप्पर घातलं आणि मग सावकाश एकेका खांबाचं काम हाती घेतलं. आत गेलो तर लोखंडी परांची, दोऱ्या, आणि त्यामधून वर जाणारे करडे खांब. फोटो एकही चांगला आला नाही. पण मी बराच वेळ तिथे उभी राहिले. ग्रीस म्हणजे संगमरवराचा देश. या देवळाला छान गुळगुळीत संगमरवरी फरशी घालणं त्यांना अवघड होतं का? पण ज्याने आपलं काही बिघडवलेलं नाही त्याला धक्का लावायचा नाही, एवढं ते पाळतात.

आता तुम्ही म्हणाल, तिकडचे लोक श्रीमंत. तर तसं काही नाही. हाच देश 2010 मध्ये कर्जात बुडाला होता आणि पुढची आठ वर्षं दुसऱ्यांच्या पैशावर कशीबशी तगला. आणि तिकडचे सगळे शहाणे, असंही मी म्हणत नाही. याच बासाईच्या देवळातला शिल्पपट्ट परदेशी मंडळींनी उकरून काढला, त्याचा लिलाव झाला, आणि आज तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पार्थेनॉनचं तर आणखी वाईट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका इंजिनिअरने मोठ्या उत्साहाने त्याची दुरुस्ती केली आणि दगड जोडायला लोखंड वापरलं. मूळच्या कारागिरांनीही लोखंडच वापरलं होतं, पण वर शिसं ओतून. याने ते केलं नाही. लोखंड गंजलं, फुगलं, आणि आतून संगमरवर तडकला. 1980 च्या दशकापासून ते लोखंड काढून टायटॅनियम बसवण्याचं काम सुरू झालं. म्हणजे कित्येक वर्षं आणि अमाप पैसा आधीची दुरुस्ती दुरुस्त करण्यात गेला. हेतू वाईट नव्हता हो त्या माणसाचा. आपल्या कमिटीचाही नाही. म्हणून तर भीती वाटते.

तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा मला ठाऊक आहे. "अगं, ती मेलेली देवळं. आपल्याकडे रोज पूजा होते. देऊळ म्हणजे काही म्युझियम नाही."

बरोबर. म्हणून मिस्त्रासचं सांगते. स्पार्टाजवळ ताईगेतोस पर्वताच्या उतारावर हे ओसाड पडलेलं मध्ययुगीन शहर आहे. चढ असा, की माझे गुडघे अजून आठवण काढतात. त्या ओसाड शहरात एकच जागा नांदती आहे, पांतानासा नावाचा मठ. 1428 मधलं चर्च, भिंतींवर पंधराव्या शतकातली चित्रं, आणि तिथे जोगिणी राहतात. प्रार्थना होते, मेणबत्त्या लागतात, अंगणात झाडांना पाणी घातलं जातं. चित्रांचे रंग उडालेत, काही चेहरे अर्धेच उरलेत. त्यावर कुणी ऑइलपेंट फिरवलेला नाही. देव जागता ठेवायला भिंत नवी करावी लागत नाही, हे मला तिथे दिसलं.

परदेशातलं नको असेल तर पंढरपूरचं घ्या. 2024 मध्ये विठ्ठलाच्या मंदिरात संवर्धनाचं काम झालं. त्यासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद होतं. काय केलं तिथे? नंतर कधीतरी बसवलेला संगमरवर आणि ग्रॅनाईट काढला आणि मूळचा दगड मोकळा केला. म्हणजे खुद्द विठोबाच्या घरातून जे काढलं, ते आपण 25-25 हजार काढून आपल्या देवळात बसवणार!

शिवाय साधी गोष्ट आहे. आपल्या देवळाचे दगड एकमेकांत खाचा करून बसवलेत, मधे चुना नाही की सिमेंट नाही. जमिनीतली ओल सांध्यांतून निघून जाते. फरशी पक्की बंद केली, खांबांना ऑइलपेंट फासला, की ती ओल भिंतीत चढणार. मग पाच वर्षांनी भिंतींना टाइल्स लावायची नवी वर्गणी.

आणि सभामंडपाच्या उजव्या कोपऱ्यातला वाघ-शेळीचा पट? तो कुणी कोरला माहीत नाही. पण अण्णाकाका, तुम्हीच मला त्यावर खेळायला शिकवलंत, चिंचोके घेऊन, मे महिन्यात, बाहेर रस्ता तापलेला आणि आतली फरशी गारेगार. ऑलिम्पियाच्या मैदानात धावपटूंची दगडी आरंभरेषा अजून तशीच आहे, पायाची बोटं टेकवायच्या खाचांसकट. नवऱ्याने बूट काढून बोटं टेकवली, आणि मला त्या क्षणी आपला पट आठवला. कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखही नाही. टाइल्सखाली तो गेला, की कुणाला कळणारही नाही.

"तू पुण्यात बसून सांगतेस, पावसाळ्यात घसरून आम्ही पडतो," हेही तुम्ही म्हणाल. हे मात्र लागतं, कारण खरं आहे. काकूंचा हात तिथेच मोडला. म्हणून नुसतं नाही म्हणून थांबत नाही. छपरावरचं गवत काढून गळती बंद करायला, पाणी बाहेर जायला चर खणायला, पायऱ्यांशी कठडा लावायला आणि जुन्या इमारतींचं काम जाणणाऱ्या माणसाला एकदा बोलावून दाखवायला मी 50 हजार देते. नवऱ्याला विचारलंय, तो हो म्हणालाय. (पुढच्या वर्षीची सहल लोणावळ्याला.) आपलं देऊळ संरक्षित वास्तूंच्या यादीत नाही, त्यामुळे टाइल्सवाल्याला अडवायला कुणी सरकारी माणूस येणार नाही. अडवायचं तर आपणच.

कमिटीची मीटिंग रविवारी आहे. मी शनिवारी रात्री गावी येतेय. अण्णाकाका, भांडायला नाही. चिंचोके काढून ठेवा.