नाही, तुम्हाला ते आठवत नाही

किल्लारीचा भूकंप मला आठवतो, असं मी तेरा वर्षं लोकांना सांगत होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गाव उशिरा झोपलेलं. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. माझं वय तेव्हा दोन वर्षं दोन महिने.

आणि मला काय काय आठवायचं! अंधार. पत्र्यावर कोसळणारा पाऊस. तोंडात माती. आई मला छातीशी धरून बाहेर पळतेय, आणि तिच्या खांद्यावरून मागे बघताना मला ढिगाऱ्यातून बाहेर आलेला आजीचा हात दिसतोय. हिरव्या बांगड्या. हात हलतो, आणि मग हलायचा थांबतो.

आठवीत असताना तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी हा हात सांगितला. पहिला नंबर आला. मग कॉलेजात सांगितला, हॉस्टेलवर रात्री दोन वाजता सांगितला, एका मुलीवर छाप पाडायलाही सांगितला (पडली, खोटं कशाला बोलू). २०१८ साली भूकंपाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा एका दिवाळी अंकात त्यावर लेख लिहिला आणि त्याचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. काका, मामा, आत्या, सगळ्यांनी हात जोडले, रडके इमोजी पाठवले. अक्कानं काहीच पाठवलं नाही.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. दिवाळीत माहेरी आली, तेव्हा भाकरी थापता थापता म्हणाली, "तवा पत्रे कुठं होते रे?"

"म्हणजे?"

"आपलं घर माळवदाचं होतं. पत्र्यात आपण मागनं गेलो, शेडमधी. पाऊस बी मागनंच आला."

मी गप्प. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"अन् तुला मायनं न्हाई उचललं. माय गोठ्याकडं होती. म्या उचललं तुला. तुझं तोंड माझ्या मानंत खुपसलेलं होतं, तू काय बघणार? आजीचा हात म्या बघितला." मग थोड्या वेळानं, "शेडमधी तुला एकदा सांगितलं होतं म्या. तू शाळंत जायला लागला होतास. दुसऱ्या कुणाला न्हाई सांगितलं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

तर हा लेख त्या भाकरीनंतरचा आहे. माझं म्हणणं सरळ आहे आणि ते अनेकांना आवडणार नाही, हे मला माहीत आहे, कारण हे मित्रांना सांगितलं की दर वेळी कुणीतरी दुखावतं. तुम्हाला दोन वर्षांच्या असतानाचं जे आठवतं, ते तुम्हाला आठवत नाही. ते तुम्हाला कुणीतरी दिलेलं आहे. आणि ज्यानं दिलं, त्याचं नाव तुम्ही विसरला आहात.

पहिला प्रतिवाद ठरलेला असतो: "पण मला इतकं स्पष्ट दिसतं!" मलाही दिसत होतं. आजही दिसतं. अक्कानं सांगितल्यावर ते चित्र पुसलं गेलं असेल असं वाटत असेल, तर तसं होत नाही. पत्रे वाजतातच.

मुलांची बुद्धी कशी वाढते याचा आयुष्यभर अभ्यास केलेला जाँ पियाजे घ्या. बालमानसशास्त्रात याच्याएवढं मोठं नाव शोधून सापडायचं नाही. पियाजेला आठवायचं की तो दोन वर्षांचा असताना दाई त्याला बाबागाडीतून पॅरिसच्या शाँझेलिझेवर फिरवत होती आणि एका माणसानं त्याला पळवायचा प्रयत्न केला. पट्ट्यामुळे तो गाडीतच अडकून राहिला. दाईनं झटापट केली, तिच्या तोंडावर ओरखडे उठले, गर्दी जमली, आखूड झगा आणि पांढरा दंडुका घेतलेला पोलीस आला. ओरखडे कुठे होते तेही त्याला दिसायचं. तो पंधराएक वर्षांचा झाला तेव्हा त्या दाईचं आईवडिलांना पत्र आलं. ती आता धर्ममार्गाला लागली होती आणि जुनी पापं कबूल करत होती. तो प्रसंग तिनं रचला होता, ओरखडे तिनं स्वतःच काढले होते, आणि बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळ ती परत करत होती. पियाजेनं लहानपणी घरात ही गोष्ट ऐकली आणि तिचा सिनेमा करून स्वतःच्या डोक्यात लावला.

इथे एक फरक मला टोचतो. पियाजेची दाई खोटं बोलत होती. माझी अक्का खरं बोलत होती. माझ्या आठवणीतला हात खरा आहे, तो खरोखर हलला आणि थांबला. फक्त डोळे माझे नव्हते. त्यामुळे "आठवण खरी की खोटी" हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. आठवण कुणाची, हे आधी विचारा.

आता थोडं शास्त्र, पटकन. प्रौढ माणसांना विचारलं तर त्यांची सगळ्यात जुनी आठवण सरासरी तीन ते साडेतीन वर्षं वयाची निघते. तरी २०१८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ६,६४१ लोकांच्या पहिल्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा त्यातल्या ३८.६ टक्के लोकांनी दोन किंवा त्याहून कमी वयाची आठवण सांगितली. बाबागाडी, पाळणा, पहिलं पाऊल. संशोधकांचा निष्कर्ष असा की हे जुने फोटो, घरातल्या गोष्टी आणि तुटक चित्रं यांचं मिश्रण असावं, जे पुढे कधीतरी "आठवण" म्हणून जमा झालं. म्हणजे दहांतले जवळजवळ चार जण माझ्यासारखे. वक्तृत्व स्पर्धेत किती गेले कुणास ठाऊक.

असं का होतं? बाळाचा मेंदू काहीच नोंदवत नाही, असं नाही. २०२५ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी जागी बाळं स्कॅनरमध्ये ठेवून दाखवलं की साधारण वर्षाच्या बाळाचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी नोंदवणारा मेंदूचा भाग, नवी नोंद करायला लागलेला असतो. ही बातमी आली त्या दिवशी मला तीन मित्रांनी लिंक पाठवली: "बघ, तुझं खरं असेल!" अरे, नोंद होणं आणि तीस वर्षांनी ती जशीच्या तशी हाती लागणं यात फरक आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात मुलं तीन वर्षांची असताना त्यांच्याशी त्यांच्याच आयुष्यातल्या प्रसंगांबद्दल बोलणं रेकॉर्ड केलं आणि पुढे वेगवेगळ्या वयात त्याच प्रसंगांबद्दल विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहून कमी. म्हणजे ही गळती म्हातारपणी नाही, तिसरी-चौथीच्या वर्गात बसल्या बसल्या होते. मी आठवीत पोचेपर्यंत आत काय उरलं असेल?

आपल्याकडे तर आणखी पुढची मजल आहे. आपल्याला अभिमन्यू माहीत आहे. आईच्या पोटात चक्रव्यूह ऐकून लक्षात ठेवणारा, आणि म्हणून आज गर्भसंस्काराच्या प्रत्येक पुस्तकात आणि ॲपमध्ये हजेरी लावणारा. गंमत म्हणजे त्या गोष्टीतसुद्धा ऐकलेलं अर्धवट असतं आणि त्या अर्धवट ज्ञानावर विसंबून तो मारला जातो. जाहिरातीत हा भाग नसतो.

दुसरा प्रतिवाद जरा हुशार असतो: "पण मला असे तपशील आठवतात जे मला कुणी सांगितलेच नाहीत." तुम्हाला कुणी काय सांगितलं नाही, हे तुम्हाला कसं आठवतं? अक्कानं मला शेडमध्ये सांगितलं, हे मी साफ विसरलो होतो. सांगितलेलं राहिलं, सांगणारी गेली. आणि फोटो तर याहून बेमालूम. २००२ साली एका प्रयोगात वीस जणांना त्यांच्या लहानपणचा फोटो दाखवला, हॉट एअर बलूनमध्ये बसलेला. फोटो बनावट होता, घरच्यांकडून खरा फोटो घेऊन बलूनमध्ये चिकटवलेला. तीन मुलाखती होईपर्यंत निम्म्या लोकांना ती सफर थोडीफार किंवा अगदी सविस्तर "आठवायला" लागली. हे २००२ साली. आज कुणीही दहा सेकंदांत माझ्या आजीला बलूनमध्ये बसवून देईल.

तुमच्यातल्या ज्यांचं बारसं मोबाइलवर शूट झालंय, त्यांचं माझ्याहून अवघड आहे. माझ्या लहानपणाचे एकूण फोटो चार, तेही भूकंपानंतरचे. तुमचा पहिला वाढदिवस तुम्ही शंभर वेळा पाहिलाय. फोन दर वर्षी त्याच तारखेला, गाणं लावून, तो समोर आणतो आणि वर लिहितो "मेमरीज". कुणाच्या? तुम्ही तर केकमध्ये तोंड घालून रडत होता. आठवण असलीच तर कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या मावशीची असेल.

फ्रॉइडनं एक खूण सांगून ठेवली आहे: आठवणीत तुम्ही स्वतःच स्वतःला बाहेरून दिसत असाल, तर तिच्यावर मागाहून काम झालेलं आहे. खूण चांगली आहे, पण माझ्या आठवणीत मी दिसत नव्हतो. मी खांद्यावरून बघत होतो, अगदी आतून. त्यामुळे अशा खुणांवर फार भिस्त ठेवू नका. बाकी ज्या १८९९च्या निबंधात त्यानं हे लिहिलं, त्यात एका रुग्णाची म्हणून दिलेली बालपणीची आठवण त्याची स्वतःचीच होती, हे पुढे उघड झालं. त्यानं स्वतःची आठवण दुसऱ्याच्या नावावर खपवली. मी दुसऱ्याची स्वतःच्या.

तिसरा प्रतिवाद मात्र मी झटकून टाकणार नाही. एका मैत्रिणीनं विचारलं, "म्हणजे लहान मुलांवर विश्वास ठेवायचाच नाही? मग अत्याचाराच्या केसमध्ये चार वर्षांची मुलगी सांगते, ते काय?" हे बरोबर आहे आणि माझं म्हणणं इथे गैरवापराला सोपं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. चार वर्षांचं मूल गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगतं, ही एक गोष्ट. तीस वर्षांचा माणूस आपण दोन वर्षांचे असताना काय पाहिलं ते सांगतो, ही वेगळी गोष्ट. मी दुसऱ्याबद्दल बोलतोय. आपल्या पुराव्याच्या कायद्यात साक्षीदाराला किमान वयाची अट नाही. प्रश्न समजतो आणि नीट उत्तर देता येतं, एवढं पाहतात. आणि २०१२च्या पॉक्सो कायद्यात मुलाची साक्ष विशेष न्यायालयानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत नोंदवावी असं म्हटलं आहे. मूल खोटं बोलतं म्हणून ही घाई नाही. आज त्याच्याकडे जे आहे ते उद्या पुसट होईल आणि मोठी माणसं त्यात आपलं घालतील, म्हणून घाई करायला हवी. मुलाचं आत्ता ऐका. मोठेपणी ऐकू म्हणून ठेवू नका.

अक्का तेव्हा नऊ वर्षांची होती. नऊ वर्षांच्या मुलीला सगळं आठवतं. तिचं कुणी ऐकलं?

बावन्न गावं नव्यानं वसवावी लागली होती. सरकारी माणसं आली, पत्रकार आले, परदेशी लोक आले. ते बापांशी बोलले, सरपंचांशी बोलले. शेडमध्ये अक्का धाकट्या भावाला सांभाळत होती, पाणी भरत होती. दोन वर्षांनी तिनं जे सांगितलं ते मला, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं, आणि मी पाच वर्षांचाही नसल्यामुळे माझ्यापासून धोका नव्हता. तिला वाटलं, हा विसरेल. मी विसरलो नाही. मी ते घेतलं, आणि घरातला मुलगा म्हणून मला स्टेज मिळालं, माईक मिळाला, शहरात शिकायला मिळालं, लिहायला मिळालं. तिचं सोळाव्या वर्षी लग्न झालं. आमच्या घराची भूकंपाची गोष्ट आज नातेवाइकांत माझ्या आवृत्तीत सांगितली जाते. आईसुद्धा आता म्हणते की मीच उचललं होतं याला. मी तिला दुरुस्त करून पाहिलं. "आसंल," म्हणाली, आणि पुढच्या वेळी पाहुण्यांना पुन्हा तेच सांगितलं.

म्हणून "आठवणी अशाच असतात, कशाला एवढं मनावर घेतोस" असं कुणी समजुतीनं म्हणालं की मला राग येतो. ज्या घरात एकाच्या बोलण्याला किंमत असते आणि दुसऱ्याच्या नसते, तिथे आठवणी आपोआप सरमिसळ होत नाहीत. त्या बोलणाऱ्याकडे वाहत जातात. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांच्या पहिल्या आठवणी इतरांपेक्षा लवकरच्या वयाच्या निघाल्या, आणि त्याचं एक कारण त्यांच्या घरांतली पूर्वीचं सविस्तर सांगण्याची रीत असावी, असं संशोधक मानतात. सांगण्यानं आठवण टिकते, हे खरं. आमच्याही घरात भरपूर सांगतात. पण कोण सांगतं आणि कोण चहा करायला उठतं, हे बघा एकदा.

तुमची ती पहिली आठवण आहे ना, जिच्यावर तुम्ही इंस्टाला पोस्ट केली होती, ती घेऊन घरातल्या थोरल्या बहिणीकडे, आत्याकडे, जी फारशी बोलत नाही तिच्याकडे जा. आणि स्वतः काही न सांगता आधी तिला विचारा, तेव्हा काय झालं होतं. तुमचं आधी सांगितलंत तर ती मान डोलावेल. मला हे भाकरीच्या दिवशी कळलं.

२०२३ साली, तीस वर्षं झाली तेव्हा, एका वाहिनीवरून मला फोन आला होता. लहानपणी भूकंप पाहिलेले लोक हवे होते. मी म्हटलं, मी पाहिलेला नाही, बहिणीनं पाहिलाय, नंबर देतो. आधी अक्काला विचारलं. ती म्हणाली, "नगं. मला न्हाई बोलायचं."

मग हा लेख का लिहिला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. छापायला देण्याआधी तिला फोनवर वाचून दाखवला, सगळा, हाताचा भाग धरून. शेवटी ती म्हणाली, दे छापायला. एकच दुरुस्ती सांगितली. बांगड्या हिरव्या नव्हत्या.

कुठल्या रंगाच्या होत्या, ते मी विचारलं नाही.