मायक्रोकरंट : वेदनाशमन निराळे, अस्थिस्थापन निराळे

काही पंचकर्म-चिकित्सालयांत तैलद्रोणीच्या शेजारी आता एक लहानसे विद्युत्-यंत्र दिसू लागले आहे. जुनाट कटिशूल, मानदुखी, गृध्रसी यांवर ‘मायक्रोकरंट’ देणारे हे यंत्र. त्याच्या घरगुती आवृत्त्या औषध-दुकानांतही विकल्या जातात. यंत्राशी आमचे वैर नाही. आक्षेप आहे तो त्याच्या प्रचारात ऐकू येणाऱ्या दोन विधानांना : हा प्रवाह वायूचे नियमन करतो, आणि वाकलेला कणा सरळ करतो.

१००० मायक्रोअँपिअरच्या आतला हा प्रवाह रुग्णाला बहुधा जाणवतही नाही. ‘टेन्स’ यंत्राची झिणझिण येथे नसल्याने मेलझॅक व वॉल यांची १९६५ सालची वेदनाद्वाराची उपपत्ती येथे सरळ लागू पडत नाही. समर्थक आधार देतात तो चेंग व सहकाऱ्यांच्या १९८२ सालच्या प्रयोगाचा. उंदरांच्या त्वचेत ५०० मायक्रोअँपिअरच्या सुमारास एटीपीचे प्रमाण अनेक पटींनी वाढले. प्रवाह ५००० पर्यंत नेल्यावर ते घटले. प्रयोग लक्षणीय खरा, परंतु उंदराची त्वचा म्हणजे कटिशूलाने पिडलेला मनुष्य नव्हे. मनुष्यांवरील चाचण्या बहुतांशी लहान असून त्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. पेसमेकर बसविलेले रुग्ण व गर्भिणी वगळून, स्नेहन-स्वेदनाच्या जोडीला आणि रुग्णास ही वस्तुस्थिती सांगून कोणी वैद्याने तो वापरला, तर आम्ही नाक मुरडणार नाही.

‘वायूचे नियमन’ हा शब्दप्रयोग मात्र आपल्याच शास्त्राची अवहेलना आहे. वातप्रकोपाची धातुक्षय व मार्गावरोध ही दोन कारणे चरकाचार्यांनी वेगळी सांगितली. एकात बृंहण करावयाचे, दुसऱ्यात आधी आवरण दूर करावयाचे. दोन्ही रुग्णांना तोच प्रवाह तितकाच वेळ देणारे यंत्र नेमके कोणत्या वायूचे नियमन करते?

अस्थिस्थितीचा दावा त्याहून गंभीर होय. पृष्ठवंशाच्या वक्रतेवर विद्युत्-चिकित्सेची परीक्षा पूर्वीच झालेली आहे, आणि तीही स्नायू आकुंचित करणाऱ्या, म्हणजे मायक्रोकरंटहून कितीतरी प्रबळ अशा प्रवाहाने. नाकेमसन व पीटरसन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वक्रता असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी पट्टा वापरणाऱ्या ७४ टक्के मुलींत वक्रतेची वाढ रोखली गेली. केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांत ३४ टक्के, आणि विद्युत्-उद्दीपन घेणाऱ्यांत ३३ टक्के. प्रबळ प्रवाहाने काहीही न केल्याइतकाच लाभ झाला असेल, तर न जाणवणाऱ्या प्रवाहाने मणका जागेवर येईल असे कोणत्या तोंडाने सांगावे? सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत आञ्छन, पीडन, संक्षेप व बंधन सांगितले. चारही कर्मे बलाची आहेत, कारण अस्थी हलवावयाची तर बल लागते हे त्यांना ठाऊक होते.

यात केवळ रुग्णाच्या पैशाचा प्रश्न नाही. आपल्या देशात क्षयरोगाने पृष्ठवंशास कुबड येणे ही दुर्मीळ कथा नव्हे. पाठदुखी, सायंकाळचा ज्वर, घटणारे वजन आणि हळूहळू वर येणारा एक मणका, अशा रुग्णास ‘कणा सरळ होईल’ म्हणून महिनाभर यंत्राला जोडून ठेवल्यास तेवढ्यात त्याचे पाय जाऊ शकतात. मूत्रप्रवृत्ती अडलेल्या, मांड्यांच्या आतील भागी बधिरता आलेल्या गृध्रसीच्या रुग्णाला तर एक दिवसही थांबविता येत नाही. त्याची रवानगी त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे व्हावयास हवी.

औषधविक्रेत्या बंधूंनी एक ध्यानात घ्यावे. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याच्या कक्षेत आली आहेत. शिवाय १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यातील ‘औषध’ या व्याख्येत शरीराच्या रचनेवर परिणाम करण्यासाठी असलेली वस्तूही बसते, आणि तिच्याविषयी दिशाभूल करणारी जाहिरात हा गुन्हा आहे. फलक उत्पादकाने छापला, ही सबब दुकानदारास पुरणार नाही. यंत्र ठेवावयाचे असल्यास त्याचे परवान्याचे कागद मागून घ्यावेत, आणि ‘कणा सरळ करा’ असा फलक सोबत आल्यास तो विक्रेत्याच्या हाती परत द्यावा.