पर्यटक व्हिसावर ‘ट्रेनिंग’: आखातात जाणाऱ्या आपल्या मुलांचा वाली कोण?

ईदनंतर दोन आठवड्यांनी खेड तालुक्यातला एक मुलगा दुबईहून परत आला. हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी गेला होता, चौथ्या महिन्यातच घरी आला. गावात चर्चा सुरू झाली की पोराला काम झेपलं नाही. आम्ही त्याच्याशी आणि त्याच्या अब्बांशी निवांत बसून बोललो, तेव्हा वेगळंच चित्र समोर आलं.

एका एजंटने १ लाख ४० हजार रुपये घेतले होते, रोखीने, पावतीशिवाय. त्यातले अर्धे कुवेतला असलेल्या मामूंनी उसने दिले. हातात पडला तो पर्यटक व्हिसा. “तिकडे गेल्यावर बदलून देतात, सगळेच असे जातात,” असं सांगण्यात आलं. तिथे त्याला हॉटेलने नव्हे, हॉटेलांना माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीने ताब्यात घेतलं. पासपोर्ट ‘व्हिसाच्या कामासाठी’ म्हणून काढून घेतला. दरमहा ८०० दिरहम, सात जणांची खोली आणि बारा तासांची ड्युटी. पहिले दोन महिने तो फक्त भांडी घासत होता. नंतर एका मल्याळी शेफने त्याला थंड पदार्थांच्या विभागात घेतलं. तिथे सुरी धरण्यापासून फ्रीजचं तापमान लिहून ठेवण्यापर्यंत खूप शिकलो, असं तो आजही मनापासून सांगतो. ट्रेनिंग झालंच नाही असं नाही. पण ते त्या शेफच्या भलेपणामुळे झालं.

मग रमजान आला. तिथल्या मोठ्या हॉटेलांत इफ्तारच्या बुफेची गर्दी म्हणजे वर्षातला मोठा धंदा. हा दुपारी एकला किचनमध्ये शिरायचा आणि रात्री एक-दीडला सुटायचा. रोजा खजूर-पाण्यावर उभ्याउभ्या सोडायचा, कारण त्याच वेळी बाहेर शेकडो पाहुणे बसलेले. यूएईच्या कायद्यात रमजानमध्ये खासगी क्षेत्रातल्या कामगारांचे रोजचे दोन तास कमी होतात, रोजा असो वा नसो. एरवीही दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे. हे सगळं करार असलेल्या कामगाराला मागता येतं. आपला मुलगा कागदोपत्री पर्यटक होता. पर्यटकाला कसली ड्युटी आणि कसली सवलत?

तक्रार का केली नाही, असं आम्ही विचारलं. त्याचं उत्तर सरळ होतं. परवाना नसताना काम करणारा स्वतःही गुन्हेगार ठरतो, हे सुपरवायझरने पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. खरं तर २०२४ मध्ये यूएईने कायदा आणखी कडक केला. विनापरवाना माणूस कामाला लावणाऱ्या मालकाला आता १ लाख ते १० लाख दिरहमपर्यंत दंड होऊ शकतो. कुणाचा पासपोर्ट अडकवून ठेवणंही तिथे बेकायदा आहे. म्हणजे घाबरायला हवं होतं त्या कंपनीने. घाबरला एकवीस वर्षांचा पोरगा. व्हिसा संपल्यावर कंपनीने हात वर केले. आठ दिवस जास्त राहिल्याचे, दिवसाला ५० प्रमाणे, ४०० दिरहम त्याने स्वतः भरले. पगाराचा अर्धा महिना.

आता आपल्या सरकारकडे पाहू. या मुलाच्या चाचांनी दहावी केली नव्हती. ते सौदीला गेले तेव्हा त्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का होता. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात त्यांचा करार तपासला गेला, त्याशिवाय विमानात बसता आलं नाही. कटकट होती, दलाल होते, सगळं होतं. पण कुठे, कोणाकडे, किती पगारावर चाललाय याची सरकारदरबारी नोंद होती. पुतण्या दहावी पास, म्हणून त्याला ही तपासणी लागू नाही. सरकार धरून चालतं की शिकलेला माणूस स्वतःचं बघून घेईल. त्यात तो कामगार नाही, ‘विद्यार्थी’. नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पण ‘करिअर कन्सल्टन्सी’ची पाटी लावणारा म्हणतो, मी भरती करतच नाही, मी शिक्षणाचं काम करतो. अडाणी चाचांना जेवढं संरक्षण होतं, तेवढंही डिग्रीवाल्या पुतण्याला नाही.

हे बदलता येणार नाही असं अजिबात नाही. २०१५ मध्ये नर्सेसच्या बाबतीत हेच झालं. एजंट लाखो रुपये उकळतात हे उघड झाल्यावर सरकारने शिकलेल्या नर्सेसनाही आखातासह १८ देशांसाठी ही तपासणी सक्तीची केली. मग ट्रेनिंगच्या नावाने जाणाऱ्या मुलांना का नाही? १९८३ चा कायदा बदलण्यासाठी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मसुदे आले, लोकांच्या सूचनाही मागवल्या गेल्या. आमच्या किती संस्थांनी, जमातींनी सूचना पाठवल्या? कोकणातल्या मुस्लिम घरांइतका आखाताचा अनुभव महाराष्ट्रात फार कमी जणांकडे असेल, आणि आपण लिहून काय दिलं?

आपल्या घरातल्या चर्चेबद्दलही थोडं बोललं पाहिजे. मुलगा हॉटेल लाइनला जातोय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, तिथे दारू तर वाढावी लागणार नाही ना? डुकराचं मांस हाताळावं लागणार नाही ना? हे विचारायलाच हवं, आणि सुरुवातीलाच सांगितलं तर विभाग बदलून मिळतोही. या मुलाच्या अब्बांनी हे तीनदा विचारलं होतं. व्हिसावर काय लिहिलंय, हे एकदाही विचारलं नव्हतं. “इंग्रजीत होतं, पोरगाच शिकलेला, त्याला कळत असेल म्हटलं,” ते म्हणाले. पोराला वाटलं, अब्बांनी बघितलं असेल.

यूएईत प्रशिक्षणासाठी वेगळा प्रवेश परवाना मिळतो. तो हॉटेलच्या किंवा संस्थेच्या नावाने आधी निघतो, विमानतळावर उतरल्यावर नाही. एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाच मिनिटांत दिसतं. आम्ही त्या मुलासमोरच मोबाइलवर शोधलं. त्याच्या एजंटचं नाव यादीत नव्हतं. त्याच एजंटकडे त्याच्या वर्गातल्या आणखी दोघांनी पैसे भरलेत, त्यांचं विमान पुढच्या महिन्यात आहे. मुलाने तिथल्या तिथे दोघांनाही फोन लावला. एकाने उचलला.