तळ्याला काठ राहू द्या

थंडी पडली की नागपुरात दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक आपल्या घरी, दुसरे तळ्यावर. घरच्या पाहुण्यांची सरबराई आपण नीट करतो. तळ्यावरच्या पाहुण्यांचं मात्र हल्ली अंथरूणच काढून घेतोय, आणि तेही घरच्या पाहुण्यांना फिरायला छान जागा हवी म्हणून. या उद्योगाला एक गोंडस सरकारी नाव आहे: सुशोभीकरण. आज भांडण त्याच्याशी आहे.

मुंबईकडचे आमचे नातेवाईक रोहित पक्ष्यांचे फोटो पाठवतात (तुम्ही फ्लेमिंगो म्हणा हवं तर) आणि खाली लिहितात, "तुमच्याकडे काय, वाघ नि संत्री!" ठाण्याच्या खाडीचं कौतुक मलाही आहे. २०१५ साली तिथं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ती जागा रामसर यादीत गेली. पण मला सगळ्यात आवडते ती तिथली शिस्त. ऐरोलीहून बोट कधी सोडायची हे पर्यटक ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. तुम्ही कितीही मोठे साहेब असा, समुद्र तुमच्यासाठी थांबत नाही. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो आणि त्या चिखलात पक्ष्यांचं ताट वाढलेलं असतं. पाहुण्यानं त्या वेळापत्रकात बसायचं.

आता गंमत बघा. भरती-ओहोटी आपल्या विदर्भातल्या तळ्यांनाही असते. फक्त ती वर्षातून एकदाच येते. भरती पावसाळ्यात, आणि ओहोटी दिवाळीपासून पार मे महिन्यापर्यंत. पाणी दर आठवड्याला थोडं मागे सरकतं आणि ओल्या गाळाचा नवा पट्टा मोकळा होतो. त्यात अळ्या, किडे, गोगलगायी. तुतारी, शेकाट्या, टिटवी, धोबी ही सगळी मंडळी त्या पट्ट्यावर जगतात. जरा आत, गुडघाभर पाण्यात, शेपूट वर आणि डोकं खाली करून चरणारी बदकं: तलवार बदक, थापट्या. ती एरवी बुडी मारून खात नाहीत, त्यांना उथळ पाणीच लागतं. आणखी आत तरंगत्या पानांवरून चालणारा कमळपक्षी. खोल पाण्यात पाणकावळे. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब रात्री शेतात चरतो आणि दिवसा उघड्या काठावर विसावतो.

म्हणजे तळं म्हणजे नुसतं पाणी नव्हे बाप्पा, तळं म्हणजे काठ!

आणि सुशोभीकरण पहिला घाव घालतं ते काठावरच. उभी सिमेंटची भिंत, वर टाइल्स, त्यावर रेलिंग, मग दिवे, मग कारंजं. भिंत उभी राहिली की ओहोटी संपली. पाणी खाली जातं, पण गाळाचा पट्टा काही उघडा पडत नाही. चार थरांपैकी तीन पुसले जातात आणि उरतो तो एकटा पाणकावळा. मग आपण फलक लावतो, 'पक्षी निरीक्षण स्थळ'. कशाचं निरीक्षण करायचं भाऊ, फलकाचं?

फुटाळ्याचं उदाहरण नागपूरकरांना नव्यानं सांगायला नको. भोसल्यांच्या काळातलं हे तळं. तिथं संगीत कारंजं आणि प्रेक्षक गॅलरी आली. 'स्वच्छ असोसिएशन' न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत फुटाळा बसत नाही, कारण ते माणसानं बांधलेलं तळं आहे. मात्र सार्वजनिक विश्वस्ताचं तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होतं, असंही त्याच निकालात आहे. पहिलं वाक्य सगळ्यांनी वाचलं. दुसरं कोणी वाचलंय असं दिसत नाही.

माझा राग निकालावर नाही, नियमावर आहे. सिंचनासाठी किंवा पिण्यासाठी बांधलेलं पाणी 'पाणथळ' नाही, हे २०१७ च्या नियमानं ठरवलं. १९७१ चा रामसर करार मात्र नैसर्गिक-कृत्रिम असा भेदच करत नाही. जगप्रसिद्ध भरतपूर कसं झालं? अठराव्या शतकात सूरजमलनं बांधलेल्या अजान बांधाच्या पाण्यावर. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ कोणतं? नांदूर मधमेश्वर, म्हणजे गोदावरीवर घातलेल्या बंधाऱ्यामागचा फुगवटा! पट्टकादंब उतरताना तळं कोणी बांधलं याचा सातबारा मागत नाही.

आणि हा नियम सगळ्यात जड जातो तो आपल्याच भागाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाच्या जाणकारांनी उतार बघून बांधलेले. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि बरेचसे बेशरमच्या झुडपांनी गिळले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांनी तिथल्या ढीवर मंडळींबरोबर काम केलं. बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे वाढले आणि पक्षीही परतले. कुठंही कारंजं लागलं नाही. याच टापूतल्या तळ्यांवर आणि धानाच्या बांध्यांत महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस टिकून आहेत. मारुती चितमपल्लींना (१८ जून २०२५ ला ते गेले) पाखरांची किती नावं आणि सवयी नवेगावच्या तळ्याकाठच्या माणसांनीच शिकवल्या.

कोणी म्हणेल, "मग लोकांनी फिरायचं कुठे? म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे?" रास्त प्रश्न आहे. एका बाजूला रस्ता करा, बाकं टाका, पोरांना भेळ खाऊ द्या. पण दुसरी बाजू सोडून द्या. तिथं उतरता मातीचा काठ, पाणगवत, आणि लपून बघायला बांबूचा एखादा आडोसा. रात्री दिवे नकोत, लाऊडस्पीकर नको. खर्च भिंतीपेक्षा कमीच येईल. अडचण एकच, कमी खर्चाच्या कामाचं थाटामाटात उद्घाटन करता येत नाही.

या भांडणात पाहुण्यांनीही उतरावं असं मला वाटतं. पाहुण्याला काय हवंय हे धरूनच सगळे आराखडे निघतात. पुण्या-मुंबईच्या नि अमेरिकेतल्या मंडळींनो, इकडे आलात की "चहा कुठे मिळतो, सेल्फी पॉइंट कुठे आहे" एवढंच विचारू नका. "चिखल कुठे आहे?" असंही विचारा. बूट खराब होतील, होऊ द्या. दुर्बीण नसली तरी चालेल. थव्यानं पोहणाऱ्या काळ्या चांदव्याला मराठीत वारकरी म्हणतात, तो तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

वारकऱ्याला उतरायला वाळवंट लागतं, तळ्यावरच्या वारकऱ्याला काठ. तेवढा ठेवा म्हणजे झालं.